जावयाचा युरिया

आमच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा आहे. नखाएवढा, इंजिनाचं चित्र असलेला. तो लागला की माझं डोकं फिरतं. आणि तो लागायला एकच माणूस कारण असतो असं मी म्हटलं, की घरातले म्हणतात, तुझं त्यांच्याशी वाकडंच आहे. आहे वाकडं. नाही कोण म्हणतो?

हा माणूस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमच्या घरचा जावई. राहतो उंद्रीला. आम्ही पिंपळगाव राजाचे. सहाचाकी ट्रक आमचा दोघांचा, निम्मा निम्मा. खरं तर मी एकटाच घेणार होतो. पण जावईबापूंनी आईकडे शब्द टाकला आणि आईने मला न विचारता होकार देऊन टाकला. "जवायाले नाही म्हनता येते काय बापा?" एवढंच तिचं म्हणणं. गाडीचे कागद त्यांच्या नावावर, कारण जावयाचा मान. गाडी आठवडाआड चालवायची, एक आठवडा मी, एक आठवडा ते. भागीचं घोडं किवणानं मेलं ही म्हण मला तेव्हाही पाठ होती, पण म्हणी आईपुढे चालत नाहीत.

आता या नव्या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक पाणी लागतं. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. ते पाणी सायलेन्सरच्या नळीत बारीक फवारलं जातं आणि धुरातलं विष मारतं. पंपावर बंद बादलीत मिळतं. ट्रकवाले त्याला युरियाच म्हणतात, कारण शुद्ध युरिया आणि शुद्ध पाणी यापलीकडे त्यात काही नसतं. शुद्ध म्हणजे किती शुद्ध, तर पंपावरचा माणूस ओतताना नळीला हातसुद्धा लावू देत नाही. मला हे गाडी घेतली त्याच दिवशी सांगितलं होतं. जावईबापू शेजारीच उभे होते. त्यांचं लक्ष हार घातलेल्या बोनेटसमोर आपला फोटो कसा येतो याकडे होतं.

वैशाख संपत आला होता. रेल्वेच्या मालधक्क्यावर खताची पोती उतरत होती आणि आम्ही ती गावोगावच्या कृषी केंद्रांना पोचवत होतो, इकडे मोताळ्यापासून तिकडे लोणारपर्यंत. पेरणीच्या आधीचे हे दिवस म्हणजे गाडीचा खरा हंगाम. त्यातच आमच्या गाडीच्या फिटनेसची, म्हणजे पासिंगची मुदत संपत होती. धक्क्यावरच्या मुकादमाने सांगून ठेवलं होतं, पासिंगचा कागद नाही त्या गाडीत पोतं पडणार नाही. एकदा नंबर गेला की तो दुसऱ्या गाडीला जातो आणि त्या हंगामात परत मिळत नाही. म्हणजे पासिंग झाली तर वर्ष निघालं, नाही तर गाडी अंगणात उभी आणि तिच्या सावलीत कुत्री झोपलेली.

नेमका तेव्हाच दिवा लागला. बोथ्याच्या घाटात, भरल्या गाडीला. आधी दिवा लागला, मग गाडीने दम टाकला. पाय पूर्ण दाबला तरी ती बैलगाडीसारखी चालायला लागली. मागे एसटी हॉर्न वाजवून वाजवून थकली. ड्रायव्हर शेजारून गेला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून जे काही म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, पण कळलं. गाडी आदल्या रात्रीच उंद्रीहून माझ्याकडे आली होती. तो माझ्या आठवड्याचा पहिला दिवस होता.

खामगावच्या मिस्तऱ्याने स्कॅनर लावला. हा मिस्तरी तोंडाचा फटकळ. गिऱ्हाईक म्हणजे आपला वेळ खायला आलेला प्राणी असं त्याचं मत आहे. पडद्यावर दोन कोड आले. पी २०७एफ, म्हणजे निळ्या झाकणाच्या टाकीतलं पाणी निकृष्ट. पी २०ईई, म्हणजे धूर साफ होत नाही.

"कोड पुसून देऊ काय?" तो म्हणाला. "आज पुसतो, उद्या तो कोड परत येईन."

मी म्हटलं, पूस. त्याने पुसला. दुसऱ्या दिवशी त्याच घाटात, त्याच वळणावर दिवा परत लागला. मी परत गेलो तेव्हा त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

कडुलिंब. खताच्या युरियाला सरकार कडुलिंबाच्या तेलाचा हात देतं. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे घराघरात तो वास असतो, त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. टाकीच्या तोंडाशी पांढरी खपली धरली होती आणि तिच्यात काळे-तांबडे कण अडकले होते. मी ती बोटाने खरवडली आणि सगळा उलगडा झाला.

आमच्या धंद्यात रीत आहे. खत उतरवलं की ट्रकच्या डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, जे सांडलेलं उरतं ते गाडीवाल्याचं. त्याला झाडण म्हणतात. हमाल ती झाडून एका गोणीत भरून देतात. त्यात युरिया असतो, डीएपीचे काळे दाणे असतात, पोटॅशची तांबडी भुकटी, माती, विड्यांची थोटकं. माझ्या आठवड्यातली झाडण मी शेजाऱ्यांच्या केळींना टाकतो. जावईबापू त्यांची झाडण उंद्रीला नेतात. मला वाटायचं, शेतात टाकत असतील.

मी तिथूनच फोन लावला. जावईबापू फोन नेहमी स्पीकरवर टाकतात, आपलं बोलणं साऱ्या घराने ऐकावं म्हणून.

"जवाईबापू, गाडीच्या टाकीत काय टाकलं तुमी?"

"युरिया."

"कोनता?"

"घरचा. झाडनीतला. मस्त फडक्यातून दोनदा गाळून. एक काडी राहू देली नाही त्यात."

"तो खताचा हाये. त्याले निंबोळीचं तेल असते."

"मंग चांगलंच हाये ना. कीड नाही लागनार."

मिस्तरी हसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, गाडी घाटात बंद पडून राह्यली, कोड येऊन राह्यले. त्यावर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "साळेबुवा, पंपावाल्याच्या बादलीत का अमृत राह्यते? हा कंपन्याइनं लुटाले काढेल धंदा हाये. तुमी मिस्तऱ्याचं आयकता, घरच्या मानसाचं आयकत नाही. गाडीच बराबर चालवत नसान तुमी. माह्या आठवड्यात काऊन नाही लागत दिवा?"

चोर तो चोर वर शिरजोर. मागे बहीण भांडी घासत होती, त्याचा आवाज फोनमधून येत होता. तो मध्येच थांबला आणि बराच वेळ परत आला नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसरा कोणी असता तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि हा ग्रह माझ्या बहिणीच्या घरात बसलेला. मी इथे एक शब्द बोललो की तिथे तिला चार ऐकावे लागतील, हे मी धरूनच चाललो होतो. तिच्या लग्नापासून त्यांच्यापायी मी जेवढं गिळलं तेवढं जेवणही गिळलं नसेल. त्यामुळे मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मिस्तऱ्याच्या लोखंडी टेबलाला लाथ मारली. अंगठा आठ दिवस सुजला होता, आणि त्याचंही खापर मी जावईबापूंवरच फोडतो.

मिस्तऱ्याने टाकी उतरवली, धुतली, फवारणीचं नोझल गरम पाण्यात घालून मोकळं केलं, फिल्टर बदलला. धुराच्या तपासणीसाठी हवेचा फिल्टर आणि ऑइलही नवं घातलं. "आता कोड पुसतो," तो म्हणाला. "पन पुसला म्हनजे झालं नाही. गाडी तापू दे, लांब चालव, घाट चढव. गाडी सोताले तपासते. तिची खात्री झाली तरच दिवा बंद राहीन. अन् त्या मानसाले टाकीजवळ येऊ देऊ नको."

शेवटची अट सगळ्यात अवघड होती. मधला आठवडा त्यांचा होता. मी आईला सांगून पाहिलं की पासिंगपर्यंत गाडी माझ्याकडेच राहू दे. आईने त्यांना विचारलं. ते म्हणाले, गाडी माह्या नावावर हाये. तरी गाडी त्यांनी माझ्याकडे ठेवू दिली, पण उपकार केल्यासारखी. पासिंगची वेळ घ्यायला त्यांच्या मोबाइलवर आकडे येतात, ते आकडे त्यांनी मला दोनदा चुकीचे सांगितले आणि तिसऱ्यांदा इतके सावकाश सांगितले की वेळ टळली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी चौथ्यांदा फोन केला. वर एक सल्ला मिळाला: "दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाका. साहेबाले दिसनार नाही." साहेब चावी फिरवून पाहतो, दिवा लागलाच नाही तरी गाडी नापास करतो, हे मी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण पाय धरणं नुसतं म्हणीतच राहिलं नाही. वैशाख संपून लागला तो महिना अधिकाचा होता, म्हणजे धोंड्याचा. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, जावयाचे पाय धुवायचे, ताटात दिवा लावून वाण द्यायचं. आईने दिवस धरला तो नेमका पासिंगच्या आदल्या दिवशीचा. वडील नाहीत, म्हणून पाय धुवायचं काम माझं. मी ताटात पाणी ओतत होतो आणि माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहत होतो. ते पाटावर बसून आईला सांगत होते की गाडीचं यंत्र कसं असतं, ते सगळ्यांना नाही समजत.

बहीण वाढत होती. ती नेहमीसारखीच, कमी बोलणारी. तिने माझ्या ताटात दोन धोंडे जास्त टाकले, तूप ओतलं, आणि पुढे गेली.

जेवणाच्या शेवटी जावईबापूंनी ढेकर दिला आणि म्हणाले, "साळेबुवा, तुमी आंघोळीले गेले होते ना सकाळी, तवा टाकी फुल करून टाकली. घरून डबाच भरून आनला होता. उद्या बिनघोर जा."

मी ताटावरून उठलो. भरल्या ताटावरून उठू नये हे मला कळतं. गावातल्या लोकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात मी म्हणालो की तुम्ही गाडीचं वाटोळं केलं, आता हंगामाचं करा, मग घराचं करा. मिस्तऱ्याने घासून धुतलेल्या टाकीत तुम्ही परत घाण ओतली. तुम्हाला यंत्रातलं ओ का ठो कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही.

आई म्हणाली, "बापा, धोंड्याच्या दिवशी."

जावईबापू हात धुवायला उठले. रागावलेसुद्धा नाहीत. "मानूस गाडीत जास्त राह्यला की डोक्श्यात गरमी चढते," ते आईला म्हणाले, आणि आतल्या खोलीत कूलरसमोर जाऊन आडवे झाले. थोड्या वेळात घोरायला लागले. मी एवढी वर्षं साठवलेलं सगळं बोललो होतो आणि त्या माणसाला झोप लागली.

मी नळी आणि बादली घेऊन अंगणात गेलो. टाकी पुन्हा रिकामी करायची, जमेल तेवढी धुवायची, खामगावहून नवी बादली आणायची. नळी तोंडात धरणार तेवढ्यात बहीण मागे येऊन उभी राहिली.

"राहू दे," ती म्हणाली.

"काय राहू दे? उद्या पासिंग हाये."

"वास घेऊन पाह्य."

मी झाकण उघडून नाक लावलं. कडुलिंबाचा वास नव्हता. नवसागरासारखा हलकासा वास होता, पंपावरच्या बादलीला असतो तसा.

"डबा त्याइचा हाये," ती म्हणाली. "आतलं माह्यं हाये."

मग तिने सांगितलं. पहिल्यांदा झाडण पाण्यात तिनेच घोळली होती, जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, नवऱ्याने सांगितलं म्हणून. फोनवर माझं बोलणं ऐकलं तेव्हा तिला कळलं की त्या पाण्यामुळे गाडी बिघडली. या वेळी नवऱ्याने पुन्हा गोणी पुढे टाकली, तेव्हा तिने ती वाडीतल्या निंबूच्या आळ्यात रिकामी केली. रस्त्यावरच्या पंपावर जाऊन बादली घेतली, काळीपिवळी जीपमध्ये ठेवून घरी आणली, आणि त्यांच्या डब्यात ओतून ठेवली.

"मंग त्याइले सांगतलं काऊन नाही?"

"त्याइले चूक दाखवली की ते इरेले पडते. एक डबा टाकत असन त दोन टाकते."

"मी एवढे दिवस तुह्यासाठी गप्प होतो," मी म्हणालो. मला वाटलं होतं, हे ऐकून तिला काहीतरी वाटेल.

तिच्याही आवाजात राग होता. तो मी पहिल्यांदा ऐकला. "माह्यासाठी? म्या कवा म्हनलं होतं? तू गप्प राह्यला तईही गाडी बिघडली. आज बोंबलला, ते झोपले. मंग तू केलं काय?" मग नळी माझ्या हातातून काढून घेत म्हणाली, "आता हे त्याइले सांगशीन नको. नाही त पुढच्या बारीले मले डब्याले हात लावू देनार नाही."

दुसऱ्या दिवशी जावईबापू इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले. कागद त्यांच्या नावावर असल्यामुळे त्यांना यावंच लागलं. बोथ्याचा घाट चढताना मी रस्त्यापेक्षा दिव्याकडे जास्त पाहिलं. ते वळणही आलं आणि गेलं. दिवा लागला नाही. ते म्हणाले, "पाह्यलं काय?" मी गिअर बदलला.

बुलढाण्याला तपासणारा साहेब उन्हाने आणि माणसांनी वैतागलेला होता. चावी फिरवायला लावली, पिवळा दिवा लागला. गाडी चालू करायला लावली, दिवा विझला. मग धुराची नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि पाय दाबायला सांगितलं. आकडा मर्यादेच्या आत आला. साहेब वाकून टायर पाहत असताना जावईबापू त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "साहेब, आपला युरिया घरचा..." मी ॲक्सिलेटर पूर्ण दाबला. गाडी एवढी ओरडली की साहेबाने कानावर हात ठेवले आणि मला झापलं. मी माफी मागितली. पुन्हा मागायला लागली तरी मागितली असती.

गाडी पास झाली. परतीच्या वाटेवर जावईबापू सगळा घाट बोलत होते. मिस्तरी कसे फसवतात, कंपन्या कशा लुटतात, आणि पुढच्या वर्षीपण मीच युरिया करून देईन. प्रत्येक वाक्याला माझ्या जिभेवर एकच वाक्य येत होतं आणि मी ते परत आत ढकलत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी बुलढाण्यापासून पिंपळगावपर्यंत खाल्ला.

बहीण ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने मला नाही, नवऱ्याला विचारलं, "झाली काय पास?"

"होईन नाही त काय? युरिया कोनाचा होता?"

"तुमचाच," ती म्हणाली. सुपातली नजर वर न करता.

हंगाम मिळाला. पेरण्या होईपर्यंत गाडी थांबली नाही. आता माझा आठवडा संपला आणि गाडी उंद्रीला जायला निघाली की मी पंपावरची एक बंद बादली ताडपत्रीच्या घडीखाली ठेवतो. कोणाला काही सांगत नाही. तिकडे ती बादली कोण काढतं, डब्यात केव्हा ओततं, हे मी विचारलेलं नाही. त्या घरात बहीण असे आणखी किती डबे बदलत असेल, हा विचार मात्र मला गाडी चालवताना येतो, आणि तो आला की मला जावयापेक्षा स्वतःचीच जास्त चीड येते. एवढी वर्षं मी गिळत होतो ते तिच्यासाठी असं मला वाटत होतं. ती मात्र तिकडे रोज काम करत होती.

दिवाळीच्या सुमारास गाडी आली तेव्हा रिकामी बादली परत आली होती. रिकामी नव्हती. बहिणीने तिच्यात काठोकाठ निंबू भरून आईला पाठवले होते, मोठे, पिवळे, पातळ सालीचे. जावईबापूंनी स्वतः ती उचलून ओसरीवर आणून ठेवली आणि त्यातला एक हातात घेऊन मला दाखवला.

"यंदा या झाडाले काय झालं काय मालूम," ते म्हणाले. "काही न टाकता लदलं."

"हाव, जवाईबापू," मी म्हणालो.